कोयनेच्या माणसांना विचारणाऱ्या इरावतीबाई



पावसाळ्यात कोयना धरणाचे दरवाजे उघडले की आपल्या भागात घरोघरी फोन वाजू लागतात. साताऱ्याकडचे नातेवाईक डोंगरात पाऊस किती ते सांगतात, सांगलीकडचे आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आले ते सांगतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला ही सवय लावली. धरणातून किती पाणी सुटले हे आपण सगळेच विचारतो. पण त्या पाण्याखाली काय आहे, हा प्रश्न आम्हाला तरी बरीच वर्षे पडला नव्हता. पाटण आणि जावळी भागातील सुमारे शंभर गावे त्या शिवसागर जलाशयासाठी उठली. तिथली माणसे कुठे गेली? त्यांना काय मिळाले, आणि काय मिळाले नाही?

हे प्रश्न घेऊन त्या माणसांच्या दारात जाऊन बसलेल्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासकांत एक बाई होत्या. त्यांचे नाव आपण बहुतेकांनी शाळेच्या मराठीच्या पुस्तकात किंवा ‘युगान्त’च्या मुखपृष्ठावर पाहिले असेल. डॉ. इरावती कर्वे. महाभारतावर लिहिणाऱ्या बाई म्हणून त्या घरोघर माहीत आहेत. त्यांचे दुसरे काम, म्हणजे समाजात उतरून माणसांची पाहणी करण्याचे काम, मात्र मागे पडले आहे. या रविवारच्या पत्रिकेत त्याविषयी लिहावे असे आम्ही योजले.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीचे नाव इरावती, तेच मुलीला ठेवले. सात वर्षांची असताना तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आले. एवढ्या लहान वयात आईवडिलांपासून समुद्रापलीकडे येऊन राहणे म्हणजे काय, हे बोर्डिंगात शिकलेल्या आपल्या काही वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांच्या मुलीसारखी राहिली. त्या घरात पुस्तके होती, वाद होते, आणि कोणतीही गोष्ट नुसत्या परंपरेच्या आधारावर मान्य करायची नाही असा शिरस्ता होता.

१९२६ साली त्यांनी फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवी मिळवली. आम्हीही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचीच पदवी घेतली, त्यामुळे हा तपशील वाचून आम्हाला थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो. पण त्या तत्त्वज्ञानापाशी थांबल्या नाहीत. मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या. याच सुमारास त्यांचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. विधवांसाठी आश्रम आणि स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या महर्षींच्या घरात सून म्हणून जाणे ही त्या काळी मोठी गोष्ट. तरीही या सुनेने शिकण्यासाठी जर्मनीला जावे हे सासऱ्यांना पसंत नव्हते, असे सांगतात. सुधारकांच्या घरातही सुधारणा एका पायरीवर येऊन थांबते. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकलेले होते, ते पत्नीच्या बाजूने उभे राहिले आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

इथे थोडे सावकाश जावे लागेल. बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म संस्थेत मानववंशशास्त्राचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. वंशावरून माणसाची योग्यता ठरते असे मानणाऱ्यांतले ते मोठे नाव. पुढे नात्सी राजवटीने वंशशुद्धीच्या नावाखाली जे कायदे केले, त्यांना अशाच लोकांनी शास्त्राचा मुलामा दिला. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो माणसाच्या कवटीचा. कवटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंत थोडा फरक असतो. युरोपीय माणसांत तो फरक वेगळा, अधिक आढळेल, आणि त्यावरून त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दिसेल, अशी अपेक्षा होती. परदेशातून आलेली विशीतली विद्यार्थिनी, मार्गदर्शक जगप्रसिद्ध, पदवी त्यांच्या हातात. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि लिहून टाकले, की असा काही संबंध दिसत नाही. डावे-उजवे फरक सर्वांतच आहेत, ते वंशाप्रमाणे बदलत नाहीत. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, पण गुरूंनी ती काही आनंदाने दिली नाही.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की निष्कर्ष आधी ठरवून मग त्याला आधार शोधू नयेत. वर्गात हे सोपे वाटते. बर्लिनमध्ये, त्या माणसासमोर, सोपे नव्हते. आणि तरीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. माणसांच्या अंगांची मापे घेण्याची ती पद्धत इरावतीबाईंनी भारतात परतल्यावरही बरीच वर्षे सोडली नाही. नाकाची लांबी, डोक्याची रुंदी यांवरून जातीजातींचे मूळ शोधण्याचा प्रयत्न त्यांनी केला. आज त्या पद्धतीवर अभ्यासक टीका करतात, आणि ती टीका आम्हाला योग्य वाटते. ज्या बाईंनी निष्कर्ष नाकारला, त्यांनी हत्यार मात्र जवळ ठेवले.

परत आल्यावर काही वर्षे त्यांनी सासऱ्यांच्या महिला विद्यापीठात निबंधक म्हणून काम केले. पण टेबलाशी बसून कागद पाहणे हा त्यांचा पिंड नव्हता. १९३९ मध्ये पुण्यात येरवड्याजवळ डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तिथे त्या रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. संसार आणि तीन मुले सांभाळून त्या कुर्गपासून ओरिसापर्यंत हिंडल्या, मिळेल त्या वाहनाने, मिळेल तिथे मुक्काम करून. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांचे नाव घेतात. नवऱ्याला त्या चारचौघांत नावाने हाक मारीत, याची पुण्यात स्कूटरपेक्षा जास्त चर्चा झाली असावी.

या भटकंतीतून १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी दाखवले, की उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या माणसांत दिली जाते. दक्षिणेत लग्ने मुळातच नात्यात होतात, त्यामुळे सासरी गेलेली मुलगी आत्याच्या किंवा आजीच्याच घरी गेलेली असते. आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मधे. इथे मामाच्या मुलीशी लग्न चालते, आतेच्या मुलीशी बहुतेक जातींत चालत नाही. हे वाचताना आम्हाला हसू आले, कारण चर्चच्या कायद्यात आते-मामे भावंडांच्या विवाहाला आडकाठी आहे आणि त्यासाठी बिशपांची सूट घ्यावी लागते. तसा अर्ज घेऊन आलेल्या एखाद्या कुटुंबाला तो कायदा समजावताना आम्ही घामाघूम झालो आहोत. समोरच्या आजीला प्रश्न पडलेला असतो, की मामाची मुलगी नाही करायची तर मग करायची कोणाची! ती आजी एका फार जुन्या व्यवस्थेच्या बाजूने बोलत असते, हे आम्हाला इरावतीबाईंमुळे कळले.

आपल्या जिल्ह्यांशी त्यांचे नाते अनेक बाजूंनी जुळले. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पायी चालल्या. ही पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातूनच जाते. त्या वारीवर त्यांनी जो लेख लिहिला, त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एका मान्यवर नियतकालिकात छापून आला. पंढरीला ज्या प्रदेशाची माणसे जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या प्रसिद्ध आहे. पण भक्तीच्या भरात त्यांनी डोळे मिटले नाहीत. एकच अभंग गाणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे वेगळ्या पंक्तींना बसतात, हे त्यांनी पाहिले, त्यांना ते बोचले, आणि त्यांनी ते लिहिले. आपल्या देवळांतही कधीकाळी बाके कोणाकोणासाठी राखलेली असत, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. देवावर त्यांचा विश्वास होता की नव्हता, हे त्यांचे लेख वाचून सहजी उलगडत नाही. विठोबाशी मात्र त्यांची मैत्री होती.

कन्या जाई निंबकर लग्नानंतर फलटणला स्थायिक झाल्या, त्यामुळे त्या बाजूला इरावतीबाईंचे जाणे-येणे राहिले. १९६५ साली, जयंत रणदिवे यांच्यासह, फलटण आणि भोवतालच्या खेड्यांचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संस्थान विलीन झाले, कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर आली. अशा वेळी गाव वाढते म्हणजे नेमके काय होते, बाजाराला कोण येते, शाळेत कोण जाते, कोण मागे राहते, याची ती पाहणी होती. सरकार विकासाच्या योजना आखत होते, आणि इरावतीबाई व त्यांचे विद्यार्थी त्या योजनांच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारत होते. पश्चिम खानदेशातील भिल्लांची सामाजिक-आर्थिक पाहणीही त्यांनी याच रीतीने केली होती.

आणि मग कोयना.

धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकात पुरे झाले. शंभर मीटरहून उंच भिंत, आठशे मीटरहून लांब. पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सोडायचे, त्यावर वीज करायची, आणि ते वाशिष्ठीला मिळू द्यायचे. त्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले. राज्याला अभिमान वाटावा असेच ते काम होते, आणि आम्हालाही तो वाटतो. हा मजकूर आम्ही ज्या दिव्याखाली लिहीत आहोत, त्यातही कोयनेचा वाटा असेलच.

खोऱ्यातली माणसे भाताची खाचरे आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरी यांवर जगत. घरटी एखादा गडी मुंबईला, त्याची मनिऑर्डर महिन्याला. जमीन थोडी, पण जंगल, गवत, झरे आणि देवराई यांचे मोल सातबाऱ्यावर कुठेच लिहिलेले नसते. जमीन घेतली ती १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. त्या कायद्याला फक्त मालक दिसत. ज्याच्या नावावर जमीन, त्याला पैसे. कसणारा कूळ नसलेला मजूर, बलुतेदार, गुरे राखणारा, विधवा बाई, यांच्यासाठी त्यात जवळजवळ जागाच नव्हती. पुनर्वसन हा सरकारचा उपकार होता, हक्क नव्हता.

लोक पांगले. काही जण वाढत्या पाण्याच्या वर, डोंगरावरच सरकून राहिले. काहींना कोकणात जमिनी दाखवल्या, काहींना सोलापूर, सांगलीसारख्या कोरड्या मुलखात. धो धो पावसात भात लावणाऱ्या माणसाला ज्वारीच्या रानात नेऊन सोडले, तर त्याच्या हातातले कसब त्या दिवशी निरुपयोगी होते. भरपाईच्या हिशेबात याला रकाना नाही.

इरावतीबाईंनी जाईबाईंना बरोबर घेऊन या विखुरलेल्या माणसांची पाहणी केली. आई आणि मुलगी, दोघींनी मिळून. अहवाल १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. धरणाने उठवलेल्या लोकांकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहणारे असे अभ्यास तेव्हा भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. धरण बांधणाऱ्या खात्याकडे गावांची यादी होती, एकरांचा हिशेब होता, वाटलेल्या रकमेचे आकडे होते. त्या आकड्यांवरून काम पुरे झाले असे म्हणता आले असते. या दोघींनी वाटप झाल्यानंतरचे विचारले. पैसे आले, त्यांचे काय झाले? नव्या जागी प्यायला पाणी कुठून आणता? सोयरीक कुठे करता?

शेवटच्या प्रश्नाचे वजन आम्हाला विशेष वाटते. ज्या बाईंनी आयुष्यभर नात्यांचा अभ्यास केला, त्यांना हे नीट ठाऊक होते की गाव म्हणजे काही नुसती घरे नव्हेत. मामाचे गाव, आत्याचे गाव, लेकीचे सासर हे सगळे एका दिवसाच्या पायवाटेवर असते, अडीअडचणीला त्याच वाटेने धान्य येते आणि बाळंतपणाला आई येते. एक गाव कोकणात, दुसरे सोलापूरकडे गेले की ती वाट तुटते. नकाशावर पुनर्वसन पुरे झालेले दिसते.

याच काळात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, हजारो बेघर झाली. आपल्या धर्मग्रामातील ज्येष्ठांना ती पहाट अजून आठवते. पाण्याने एकदा उठवलेल्या आणि डोंगरावर नव्याने घर बांधलेल्या कुटुंबांवर हा दुसरा घाव होता.

इथे एक गोष्ट आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी पुरानंतर आम्ही धान्याची पाकिटे वाटली. किती वाटली याचा हिशेब चोख ठेवला, फोटोही काढले. पुढे एका घरी गेलो, तर पाकीट तसेच कोपऱ्यात होते. घरात स्टोव्ह नव्हता, भांडी वाहून गेली होती. तांदूळ देताना आम्ही ते विचारलेच नव्हते. त्या बाईंनीही सांगितले नव्हते, कारण घ्यायला आलेल्याने प्रश्न करू नयेत असे त्यांना वाटले. त्यानंतर कोयनेचा हा अहवाल आम्ही वेगळ्या नजरेने पाहिला.

१९६७ साली ‘युगान्त’ पुस्तकरूपाने आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांना देव्हाऱ्यातून उतरवून त्यांनी माणसांच्या रांगेत बसवले. एका हाताने ही कीर्ती येत असताना दुसऱ्या हाताने त्या कोयनेचा अहवाल पुरा करीत होत्या, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ६४. ‘गंगाजल’ हा त्यांचा लेखसंग्रह त्यांच्या मागे, १९७२ मध्ये निघाला.

कोयनेच्या अहवालाने दुसऱ्या दिवशी काही बदलले असे नाही. धरणग्रस्तांना स्वतःच उभे राहावे लागले. बाबा आढाव, दत्ता देशमुख आणि आपल्या सांगली जिल्ह्यातील वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी माणसे त्यांच्याबरोबर होती. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. पण कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठली होती. देशपातळीवर, १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने, जमीन घेण्याआधी तिथल्या माणसांवर काय परिणाम होईल याची पाहणी करणे बंधनकारक केले. भूमिहीन मजुरालाही त्यात बाधित म्हणून मोजले जाते. म्हणजे इरावतीबाईंनी धरण झाल्यावर विचारलेले प्रश्न आता धरणाआधी विचारायचे आहेत. कायद्यात तरी तसे लिहिले आहे.

दरम्यान कोयनेच्या किनाऱ्याचे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. पाणी वर आले तेव्हा डोंगरावर सरकून राहिलेल्यांपैकी काहींच्या मुलानातवंडांसमोर पुन्हा उठण्याचा प्रश्न आला. चांदोलीकडची गावेही अशीच वारणा धरण आणि जंगल या दोन्हींच्या कात्रीत सापडून खाली आली. कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलने या शतकातही होत राहिली. त्यांच्या मागण्यांत एक मागणी नेहमी असे, ती म्हणजे खरे धरणग्रस्त किती आणि कोण, याची संकलन यादी नीट तयार करा. पाणी अडवून साठ वर्षे होत आली तरी तिसरी पिढी आजोबांच्या नावाचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन त्या यादीत आपले नाव शोधत होती.